भिंगरीने हात वर केला तेव्हा

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. घाबरून तोंडावर हात ठेवू नका! मी कुणाचा दात उपटत नाही आणि कुणाला सुई टोचत नाही. आलेल्या माणसाला पाठ टेकायला द्यायची आणि त्याला वरखाली न्यायचं, एवढंच माझं काम. तरीही माझं नुसतं नाव काढलं की भलेभले मागे सरकतात. एकदा एक ट्रकचालक आला होता. झुपकेदार मिशा, दारातून वाकूनच आत यावं लागेल एवढी उंची. माझ्यावर बसला आणि मदतनीस मावशींना हळूच म्हणाला, "मावशी, जरा माझा हात धराल का? बाहेर कुणाला सांगू नका." मावशींनी धरला. मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगू नका.

आता मी थकले आहे. माझं आच्छादन कोपऱ्यांना फाटलं आहे आणि वर जाताना माझी मोटार म्हाताऱ्या माणसासारखी कण्हते. लवकरच माझ्या जागी नवी खुर्ची येईल. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दाढेत अडकलेला कण जिभेने कितीही ढोसला तरी निघत नाही, तशी ती गोष्ट माझ्या मनात अडकून बसली आहे. ती एका मुलीची गोष्ट आहे. पण आधी थोडं माझ्याविषयी सांगते, म्हणजे तुम्हाला सगळं नीट कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी माझा लोखंडी सांगाडा उभा राहिला, मग पोटात मोटार बसली, मग पाठीवर आणि बैठकीवर जाड स्पंज आला. शेवटी एका कारागिराने माझ्यावर फिकट हिरवं आच्छादन शिवलं. शिवताना तो शेजारच्याला म्हणाला होता, "हिच्यावर बसणारं माणूस आधीच भेदरलेलं असणार. निदान शिवण तरी टोचायला नको." म्हणून त्याने सगळ्या शिवणी आतल्या बाजूला घेतल्या. मला फार अभिमान वाटला. माझा जन्म माणसाला आराम द्यायला झाला आहे, अशी माझी समजूत झाली.

दवाखान्यात आल्यावर ती समजूत थोड्याच दिवसांत खोटी ठरली. तिथले डॉक्टर वयस्कर होते. माणूस वाईट नव्हता, हातही कुशल होता. पण घोड्यावर बसूनच आल्यासारखी त्यांची घाई. मूल रडायला लागलं की ते म्हणायचे, "धरा रे त्याला!" मग एक जण डोकं धरायचा, एक जण पाय धरायचा, आणि काम उरकलं जायचं. "मुलं रडतातच. घरी गेली की विसरतात," असं ते आईवडिलांना समजावत. मुलं विसरत होती की नाही, ते मला ठाऊक नाही. माझ्या हातांवर मात्र त्यांच्या नखांचे ओरखडे राहिले. हो, मलाही दोन हात आहेत. पण ते धरायला देता येतात, उचलता येत नाहीत.

पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले. दवाखाना बंद पडला. माझ्यावर एक जुनी चादर टाकली गेली आणि बराच काळ मी अंधारात धूळ खात पडले. खिडकीच्या फटीतून आलेल्या मुंग्या माझ्या पायाशी रांग लावून जायच्या, तेवढीच सोबत. कुणी माझ्यावर बसत नाही, म्हणून कुणी माझ्यावर रडतही नाही, असं मी स्वतःला समजवायची.

मग एके दिवशी चादर ओढली गेली. समोर एक बाई उभी होती. पूर्वी याच दवाखान्यात ती शिकाऊ म्हणून काम करायची. आता ती स्वतः डॉक्टर होऊन दवाखाना चालवायला आली होती. तिच्याबरोबर मावशी होत्या. मावशींनी माझी बैठक झटकली आणि शिंकत शिंकत विचारलं, "बाई, एवढी जुनी खुर्ची ठेवायची?"

"खुर्ची राहू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पद्धत बदलू."

आणि त्यांनी ती खरोखरच बदलली. लहान मूल आलं की डॉक्टरबाई तोंडावरचा मास्क खाली करून आधी स्वतःचा चेहरा दाखवायच्या. पहिल्या भेटीत कुठलंही काम नाही. मुलाने माझ्यावर बसायचं, बटण दाबायचं आणि वरखाली जायचं. नको वाटलं तर आईच्या मांडीवर बसून जायचं. मग छोटा आरसा यायचा. थुंकी ओढणाऱ्या नळीचं नाव होतं 'तहानलेली'. दात कोरायच्या मशीनचं नाव होतं 'गुणगुण्या'. गुणगुण्याचा आवाज आधी ऐकवायचा, मग त्याचं पाणी बोटाच्या नखावर उडवून दाखवायचं, आणि मगच दाताकडे न्यायचं. डॉक्टरबाई खोटं कधी बोलायच्या नाहीत. "दुखणारच नाही" असं त्या म्हणायच्या नाहीत. "चिमटा काढल्यासारखं होईल आणि जाईल," असं सांगायच्या.

सगळ्यात महत्त्वाचा होता हाताचा नियम. "दुखलं, भीती वाटली, नको वाटलं, तर हात वर करायचा. तू हात वर केलास की मी थांबणार. हा खेळ नाही हं, हा इथला कायदा आहे," असं त्या प्रत्येक मुलाला सांगायच्या. मुलं आधी करून बघायची. हात वर, गुणगुण्या बंद. हात खाली, गुणगुण्या सुरू. एवढ्या मोठ्या डॉक्टरला आपण नुसत्या हाताने थांबवू शकतो, हे कळलं की त्यांच्या खांद्यातला ताण सुटायचा. तो सुटलेला मला पाठीला जाणवायचा. दूरदूरचे लोक मुलांना घेऊन येऊ लागले. "इथे मुलं रडत नाहीत," असं ते एकमेकांना सांगायचे. मला वाटलं, त्या कारागिराने आतल्या बाजूला घेतलेल्या शिवणींचं आता कुठे चीज झालं.

अशातच भिंगरी आली.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण घरी सगळे तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी राहील तर शपथ! पहिल्या भेटीत ती माझ्यावर उलटी बसली, आडवी बसली, पायाच्या बाजूला डोकं करून झोपली. तोंडाचा पट्टा तर असा चालू, की दात मोजायला तिला गप्प करणं हेच मोठं काम. खालच्या एका दुधाच्या दाढेला कीड लागली होती. डॉक्टरबाईंनी आरसा फिरवून सांगितलं, "ही दाढ भरायला हवी. शेजारचीलाही सुरुवात झालीय. ती पुढच्या वेळी बघू."

दाढ भरायच्या दिवशी बाहेर खूप गर्दी होती. एक आजोबा कवळी मोडली म्हणून तक्रार करत होते, एक बाळ किरकिरत होतं, आणि ज्यांची वेळ टळून गेली होती ते दारातून पुन्हा पुन्हा डोकावत होते. भिंगरी माझ्यावर आडवी झाली. आई तिच्या पायाशी स्टुलावर बसून तिच्या पावलांवरून हात फिरवत होती. खड्डा फार खोल दिसत नव्हता, म्हणून भूल द्यायची गरज नाही असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. गुणगुण्या सुरू झाला.

थोड्याच वेळात भिंगरीने हात वर केला. डॉक्टरबाई लगेच थांबल्या.

"काय गं? दुखलं?"

"नाही. मगरीचे दात किडले तर ती कुणाकडे जाते?"

मावशी खळखळून हसल्या. डॉक्टरबाईही हसल्या. पुन्हा काम सुरू झालं. पुन्हा हात वर.

"आता काय?"

"माझी जीभ कुठे ठेवू? ती सारखी बघायला जाते."

या वेळी डॉक्टरबाई थोडं कमी हसल्या. बाहेरून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "अजून किती वेळ?" डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा वाकल्या. खड्ड्याच्या तळाशी किडीचा शेवटचा थर उरला होता. आणि त्याच क्षणी भिंगरीची पाठ माझ्यावर ताठ झाली. पायाची बोटं वळली. तिला खरोखरच दुखलं होतं.

तिने हात वर केला.

"झालंच, झालंच. एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. गुणगुण्या थांबला नाही.

हात आणखी वर गेला. कोपर सरळ, बोटं ताठ.

"शहाणी ना तू? झालंच बघ."

मावशींनी तो हात पकडला आणि हलकेच खाली आणला. हलकेच हं, जोर लावून नाही. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि वरून आपला तळवा दाबून धरला. आई समोरच होती. तिने सगळं पाहिलं. ती काही बोलली नाही, फक्त लेकीच्या पावलांवरून हात जरा जोरात फिरवू लागली.

आणि मी? तो हात माझ्यावरच दाबलेला होता. खालून मी आणि वरून मावशी. मध्ये ती छोटीशी मूठ, दाराच्या फटीत सापडल्यासारखी.

खरं तर काम क्षणात संपलं. दाढही सुंदर भरली गेली. "बघ, झालंसुद्धा! किती शूर आमची भिंगरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. मावशींनी टाळ्या वाजवल्या. भिंगरी रडली नाही. ती उठून बसली आणि आपल्या हाताकडे बघत राहिली.

"मी हात वर केला होता," ती म्हणाली.

"हो गं, पण अगदी थोडंसंच राहिलं होतं," डॉक्टरबाई हातमोजे काढता काढता म्हणाल्या.

भिंगरीने वाद घातला नाही. ती माझ्यावरून उतरली आणि सरळ चालत दाराबाहेर गेली. उडी नाही, गिरकी नाही. लगेच पुढचा पेशंट आत आला.

त्यानंतर भिंगरी आली नाही. शेजारच्या दाढेसाठी डॉक्टरबाईंनी निरोप पाठवला, तेव्हा "परीक्षा चालू आहे" असं उत्तर आलं. पुढच्या वेळी "पाहुणे आलेत" असं आलं. मग एके दुपारी तिची आई एकटीच आली, स्वतःची दाढ दाखवायला. ती माझ्यावर बसली, पण टेकली नाही.

"भिंगरीला आणलं नाहीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या कानावर घालावं की नाही, कळत नव्हतं. तिच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, आधी ही पोरगी उत्तर येवो न येवो, हात वर करायची. आता करतच नाही. परवा तिला बाकाच्या खिळ्याने खरचटलं, रक्त आलं, तरी हात वर करून सांगितलं नाही. मी तिला विचारलं, का गं सांगितलं नाहीस? तर म्हणते, 'हात वर करून काय होतं?'"

डॉक्टरबाईंच्या हातात आरसा होता. तो त्यांनी ट्रेमध्ये ठेवला.

"मी तिच्या पायाशीच बसले होते, डॉक्टर," आई पुढे म्हणाली. "मी बघितलं होतं. एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, बाहेर एवढी माणसं खोळंबलीत, उगाच कशाला? घरून निघताना मीच तिला सांगितलं होतं, की या डॉक्टर शब्द मोडत नाहीत."

"शब्द मी दिला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही."

"आणि हात खाली कुणी दाबला?" मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या. त्या मघापासून एकच चिमटा पुसत होत्या.

 मला वाटलं, आपल्यालाही तोंड असतं तर आपणही काहीतरी कबूल केलं असतं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, की डॉक्टरबाई त्याच संध्याकाळी भिंगरीच्या घरी गेल्या असतील. त्या गेल्या नाहीत. माफी मागायची असली की मोठ्या माणसांना नेमकी हजार कामं आठवतात. आज गर्दी आहे, उद्या जाऊ. उद्या पाऊस आहे, परवा जाऊ. कधी कधी शेवटचा पेशंट गेल्यावर त्या फोन हातात घ्यायच्या, आकडे दाबायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. मावशी बघायच्या आणि केर काढत राहायच्या. कुठलंही मूल आलं की हाताचा नियम सांगताना डॉक्टरबाईंची जीभ आता अडखळू लागली होती. "हात वर केलास की मी..." एवढं म्हणून त्या आरसा पुसायला घ्यायच्या. नियम त्यांनी पुन्हा एकदाही मोडला नाही. पण एकदा मोडला होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

आणि मग भिंगरी आली. आईने तिला कडेवर घेतलं होतं, एवढी मोठी मुलगी असून. तिचा एक गाल सुजून लाल झाला होता आणि डोळे तापाने जड झाले होते. शेजारची ती दाढ, जिला नुसती सुरुवात झाली होती, ती आतपर्यंत किडली होती. कितीतरी दिवस भिंगरी एकाच बाजूने चावत होती. दुखतं हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं. सांगितलं तर दवाखान्यात नेतील, म्हणून.

दारात येताच तिने चौकट दोन्ही हातांनी पकडली. "मी नाही बसणार त्या खुर्चीवर," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मावशी पुढे झाल्या आणि लगेच मागे सरकल्या. आपले हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले.

"नको बसूस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी बसते."

आणि त्या माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी बसल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणजे वजनदार असतील. पण त्यांची पाठ इतर सगळ्यांसारखीच होती. टेकण्याआधी जरा थबकणारी.

"माझी पण एक दाढ कधीकधी ठणकते. बघशील?" त्यांनी आरसा पुढे केला.

भिंगरीने बराच वेळ चौकट सोडली नाही. मग हळूहळू ती आली. तिने आरसा घेतला, दिवा ओढून डॉक्टरबाईंच्या डोळ्यांवर आणला आणि म्हणाली, "आ करा." डॉक्टरबाईंनी आ केला. भिंगरीने आरसा आत घातला. आधी वरचे दात, मग खालचे. मग आरशाची कडा एका हिरडीवर आली आणि तिने ती दाबली.

डॉक्टरबाईंनी हात वर केला.

भिंगरीने हाताकडे पाहिलं. तिने आरसा काढला नाही.

"झालंच, झालंच. एवढंच," ती म्हणाली. अगदी त्याच आवाजात, त्याच लयीत.

 आई "अगं..." म्हणून पुढे झाली, पण डॉक्टरबाईंनी दुसऱ्या हाताने तिला थांबायची खूण केली. वर केलेला हात तसाच वर राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून माझ्या उशीवर ओघळलं. ते हिरडीच्या दुखण्याचं नव्हतं. आरशाचा दाब तो किती असणार?

भिंगरीने आरसा बाहेर काढला. "शहाण्या ना तुम्ही?" असं विचारलं आणि मग तिचाच ओठ थरथरायला लागला.

डॉक्टरबाई उठून बसल्या. त्यांनी तिला जवळ ओढलं नाही, शाबासकी दिली नाही, की गोडीगुलाबीने समजूत काढली नाही. त्या म्हणाल्या, "भिंगरी, तू हात वर केला होतास. मी तो बघितला होता. थांबेन असं म्हटलं होतं आणि मी थांबले नाही. बाहेर लोक होते, मला घाई होती, पण ती माझी अडचण होती, तुझी नाही. मी चुकले. तुला सांगायला मी तुझ्या घरी यायला हवं होतं. तेही मी केलं नाही, कारण मला लाज वाटत होती."

"तुम्हाला?" भिंगरीने विचारलं. मोठ्या माणसांना लाज वाटते, ही तिच्यासाठी नवीन बातमी होती.

"खूप."

"मलाही वाटते," मावशी भिंतीला टेकून म्हणाल्या. "हात तर मीच खाली दाबला."

 आई खाली बसली आणि तिने लेकीचा तो हात घेऊन स्वतःच्या गालाला लावला. भिंगरीने तो सोडवून घेतला नाही, पण ती आईकडे वळलीही नाही. माफी मागितली की सगळं लगेच गोड होतं, असं नसतं मित्रांनो. मला त्या दिवशी ते कळलं.

सूज असताना दाढेला हात लावता येणार नव्हता. डॉक्टरबाईंनी औषध लिहून दिलं आणि सांगितलं, "हे संपेपर्यंत मी काही करणार नाही. ताप उतरला की रोज शाळा सुटल्यावर इथे ये. बस, नको तर बसू नकोस. मला हात वर करून दाखव. मी थांबते की नाही, ते तू बघायचं."

ताप उतरला आणि ती येऊ लागली. सुरुवातीला ती माझ्या कडेवर टेकायची, दोन्ही पाय जमिनीवर, पळायच्या तयारीत. डॉक्टरबाई आरसा आणायच्या आणि तो तोंडापर्यंत येण्याआधीच भिंगरीचा हात वर. डॉक्टरबाई थांबायच्या. पुन्हा आरसा, पुन्हा हात. कधी ती मुद्दाम करायची, कधी खरंच घाबरून. कुठला हात खरा आणि कुठला मुद्दाम, हे डॉक्टरबाईंनी एकदाही विचारलं नाही. बाहेरची माणसं कुरकुरायची. एक जण तर रागावून निघून गेला. "पोरखेळ लावलाय!" असं तो जाताना म्हणाला. मावशींनी त्याला शांतपणे सांगितलं, "हो, लावलाय."

हळूहळू तिचे पाय वर आले. मग पाठ टेकली. मग एक दिवस ती पुन्हा बोलायला लागली, मगरीच्याच मुद्द्यावरून. मी खूश झाले. पण मी खूश व्हावं की नाही, हे मला कळत नव्हतं.

दाढ काढायचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी तिला काहीच लपवून ठेवलं नाही. "आधी हिरडीला गार मलम लावेन. मग सुई. सुईचा चिमटा बसेल. मग अर्धा ओठ झोपी जाईल. मग पकडीने दाढ हलवेन, तेव्हा दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दुखलं तर हात." सुईच्या वेळी भिंगरीने हात वर केला. डॉक्टरबाई थांबल्या. सुई मागे गेली. भिंगरीने डोळे मिटून श्वास घेतला आणि हात खाली केला. पुन्हा सुई, पुन्हा हात. असं बरेचदा झालं. शेवटी सुई लागली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. माझ्यावर पूर्वीही अनेक नखं रुतली होती. पण ही नखं माझी मदत मागत होती, म्हणून बरं वाटलं.

ओठ बधिर झाला. पकड आत गेली. दाढ हलली, सुटी झाली. आता एकच झटका, की संपलं. डॉक्टरबाईंच्या मनगटाला ते कळलं होतं, मलाही कळलं होतं.

आणि भिंगरीने हात वर केला.

"झालंच" म्हणण्याची यापेक्षा खरी वेळ कुठली असणार? खरंच झालंच होतं.  मावशींनी आपले हात पुन्हा पाठीमागे नेले. आईने तोंड उघडलं, "डॉक्टर, हात..."

पण डॉक्टरबाई आधीच थांबल्या होत्या. त्यांनी पकड सोडली, बाहेर काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. खुर्चीपासून एक पाऊल मागे जाऊन त्या उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी खोकलं. 

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मावशींच्या पाठीमागे लपलेल्या हातांकडेही पाहिलं.

"काई नाई," ती बधिर ओठांनी म्हणाली. "बगत ओते."

मग तिने हात आपणहून खाली ठेवला आणि आ केला.

दाढ निघाली. कापूस चावून बसलेल्या भिंगरीने ती हातात घेऊन निरखली आणि कापूस थोडा बाजूला सारून विचारलं, "इते दुसरी येईल?"

"येईल. पण बऱ्याच वर्षांनी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिचं काम अजून बाकी होतं. वेळेवर बघितली असती तर हिला वाचवता आलं असतं. वेळेवर बघितली नाही, ते माझ्यामुळे."

"माज्यामुळे पन," भिंगरी म्हणाली. "मी दुकतंय ते सांगितलंच नाई."

"सांगितलं होतंस गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी पहिल्यांदा. हात वर करून."

 भिंगरी उतरली आणि आईचं बोट धरून गेली. दारात तिने एक अर्धीच गिरकी घेतली. पूर्ण नाही, अर्धी. मला ती अर्धीही पुष्कळ वाटली.

ती अजून दर काही महिन्यांनी येते. हसली की दातांच्या ओळीत ती रिकामी जागा दिसते. डॉक्टरबाईंचं लक्ष आधी तिकडे जातं, हे मी दर वेळी बघते. नवी दाढ येईल तेव्हा ती जागा भरेल. डॉक्टरबाईंच्या मनातली भरेल का, सांगता येत नाही. माझ्या मनातली नाही भरली.

मित्रांनो, दात घासा, कीड लागली तर लपवून ठेवू नका, हे तर मी सांगेनच. खुर्चीने ते सांगायचंच असतं. पण तुमच्या घरी मोठी माणसं असतील, तर त्यांनाही हे वाचून दाखवा. मुलाला दिलेला शब्द छोटा नसतो. 'थांबेन' म्हणालात, तर थांबा, भले काम संपतच आलेलं असो. आणि हातून चूक झालीच, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी गुडघे टेकून बसा आणि सांगा. लहान मुलाचा हात कितीही ताणला तरी फार वर जात नाही. तो दिसायला हवा असेल, तर मान आपल्यालाच खाली करावी लागते.